नभसिंहाच्या दुखण्याची आणि अळणी व्रताची बखर

श्रीकुलस्वामिनी साक्ष. वाचणाऱ्याचे मन प्रसन्न असो आणि ऐकणाऱ्याच्या घरी दिवा तेवत राहो. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, कार्तिक मासी जे वर्तमान जाहले ते ऐसे.

एका राज्यात, ज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, देवळाच्या ओवरीत वाचणाऱ्यांचा दरबार भरत असे. दुपारी आधी पोथी होई आणि मग नभसिंहाची कादंबरी. हा नभसिंह कादंबरीतला वीर, पंखांच्या घोड्यावर बसोन राक्षसांचे किल्ले घेणारा. परंतु चौथ्या खंडात त्यास हिमज्वर जडला आणि राजवैद्यांनी नाडी सोडोन सांगितले की औषध नाही, ग्रहणापर्यंत काय ते आयुष्य. खंड तेथेच सरला. मग राज्यात दोन फळ्या जाहल्या. एकीच्या धनीण उमाबाईसाहेब, दरबारात वाचन करणाऱ्या, वृद्ध आणि व्रतस्थ. दुसरीचे धनी त्रिंबकराव ग्रंथपाल. राव बोलिले, "बाईसाहेब, वीर मेलाच पाहिजे. नाही तर चार खंड रडलो ते फुकट!" बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "राव, पोरगे अंथरुणावर आहे, शुभ बोलावे." "अहो, पोरगे कागदावर आहे!" "मग आपण तरी कोठे आहोत? देवाच्या पोथीतच ना?" सभा हसली आणि राव टोपी सारखी करू लागले.

इतक्यावर थांबते तर बरे. परंतु बाईसाहेबांनी देवीपुढे पाणी सोडले की, नभसिंह उठोन बसला ऐसे आपल्या तोंडाने वाचेपर्यंत मीठ खाणार नाही. आणि मग अळणी वरण, अळणी भाजी. अंगातले त्राण गेले, पायरी चढता भिंत धरू लागल्या. सूनबाई मनोरमा काकुळतीस आली, "सासूबाई, पुस्तकातल्या माणसापायी कुणी जीव टाकतं का?" तर उत्तर केले, "सोडलेले पाणी पुन्हा ओंजळीत येते का, बये?" मग त्रिंबकरावही घाबरले. चारचौघांत वीर मारीत आणि गुपचूप देवीस नारळ वाहोन म्हणत, "आई, जगव मेल्याला!"

पाचवा खंड आला. बाईसाहेब वाचो लागल्या आणि ग्रहणाच्या आदले दिवशी, मातेच्या मांडीवर, नभसिंह निवर्तले. सभा रडली. मनोरमेचा चेहरा उतरला, कारण मेलेला उठोन बसावा कधी आणि सासूने मीठ खावे कधी? परंतु त्या दरबारचा रिवाज ऐसा की मृत्यूवर वाचन मिटो नये, पुढील शुभ प्रसंगापर्यंत वाचावे. पुढे पाहती तो पानच नाही! तेव्हा त्रिंबकराव उठले, अनवाणीच धावले आणि पहिला खंड घेवोन आले. "पुढे नाही तर मागचे वाचा, बाईसाहेब! शुभ ते शुभ!"

मग पहिल्या खंडातील बारसे वाचले. बायकांनी पाळणा म्हटला, मनोरमेने हरभरे शिजवोन घुगऱ्या केल्या, आणि बाईसाहेब वाचतच होत्या तोच ओळ आली, "सातव्या मासी बाळ नभसिंह आपले आपण उठोन बसला." त्या थबकल्या. राव गरजले, "बसला की नाही?"

"बसला हो. पण राव, मरण तुमचेच खरे जाहले."

"जळो माझे खरे! आधी तोंड उघडा!"

बाईसाहेबांनी देवीस हात जोडिले, घुगऱ्यांचा घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "मीठ अंमळ जास्त पडले आहे, सूनबाई." ऐसे म्हणोन वाटी पुन्हा पुढे केली.

तात्पर्य, वीर लिहिणाऱ्याच्या हातून गेला आणि वाचणाऱ्यांच्या मांडीवर खेळू लागला. दोन्ही फळ्या एका पंक्तीस बसल्या. देवीने लाज राखली. इति.