अपूर्ण वर्तमानकाळ

घंटा झाली की खिल्लारे सर वाक्य अर्ध्यात सोडत. क्रियापद ओठांवर आलेलं असलं तरी गिळत. खडू खिशात टाकून सरळ बाहेर. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरता शिरता त्याच क्रियापदापासून सुरुवात.

"मी तासाचा मानूस हाये, सर," ते मला सांगत. "घंटेनंतर क्रियापद फुकट कायले देऊ?"

वाशीमच्या आमच्या कॉलेजात ते अकरा वर्षं मराठी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. एप्रिलात नोकरी संपायची, जुलैत मुलाखत देऊन पुन्हा मिळायची. मी त्यांचा विभागप्रमुख, कायम. व्याकरण दोघंही शिकवायचो. ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचे. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतोय.

काळ शिकवताना तर ते रंगात येत. "पोरहो, परमनंट मानूस शिकवते. साधा वर्तमानकाळ. मी शिकवून राह्यलो. अपूर्ण वर्तमान. आपल्या वऱ्हाडीनं हा काळ माह्यासाठीच राखून ठेवला."

एकदा तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी त्यांना कोट घालून कायम प्राध्यापकांच्या रांगेत बसायला सांगितलं. "घालतो," खिल्लारे म्हणाले, "पन मंग काढनार नाही." त्यांना दिवसभर ग्रंथालयात बसवून ठेवलं.

मुलाखत हा त्यांचा वार्षिक सण. आदल्या दिवशी ज्यांच्याबरोबर चहा प्यायलो, त्यांनाच मी टेबलापलीकडून विचारायचो, "आपलं नाव?"

"काल होतं तेच."

मी हसू दाबून पुढचा प्रश्न विचारायचो. दहा वर्षं हे खपलं. या जुलैत मधल्या खुर्चीवर संस्थेचे नवे अध्यक्ष होते. त्यांनी विचारलं, "अकरा वर्षांत तुम्ही कायम का झाला नाहीत?"

"हा प्रश्न तुमच्या खुर्चीले विचारा ना, साहेब. मी तं दरसाल येऊन राह्यलो."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाईलकडे. "उद्धट आहे," ते म्हणाले. मी एका शब्दानंही विरोध केला नाही. यादीत दुसरंच नाव चढलं आणि खाली मी सही केली.

नवा माणूस रुजू होईपर्यंत त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच तासाला शबाना उभी राहिली. "सर, दारात कोन होतं?"

"कुठल्या दारात?"

वर्ग हसला. एप्रिलातल्या शेवटच्या तासाला खिल्लारे गोष्ट सांगत होते. 'म्हातारीनं कडी काढली, दार उघडलं, अन् दारात...' घंटा झाली.

"जुलैत सांगतो म्हनले होते," शबाना म्हणाली. "आमच्या आपाच्या, मोठ्या बहिनीच्या, वर्गालेबी असंच अर्धं ठेवलं होतं. मंग जुलैत येऊन पुरं केलं."

रविवारी दुपारी मी खिल्लारे सरांचं गाव, रिठद, गाठलं. त्यांनीच दार उघडलं. कॉलेज सुटलं होतं, पण सदऱ्याच्या खिशात खडू होता.

"पोरं विचारतात, दारात कोण होतं?" मी म्हणालो.

त्यांनी खिशातला खडू चाचपला. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? ते मी कधी ठरवतच नाही. वाक्य अर्धं ठेवलं की वाटते, ते पुरं कराले तरी बलावतीन."

घंटेनंतर एक शब्द फुकट न देणारा हा माणूस सुट्टीभर एक अर्धं वाक्य सांभाळत बसायचा.

"सही मी केली," मी म्हणालो.

"माहीत हाये. अक्षर वळखतो मी तुमचं." मग मान ताठ झाली. "पोरीले सांगा, पुढल्या मुलाखतीले मी येऊन राह्यलो. नाव तेच. हटत नसतो मी."

"या वेळी मी बोलेन," मी म्हणालो.

वहीतली चूक तपासावी तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भविष्यकाळ," ते म्हणाले. "या, बसा आत. चहा होऊन राह्यला."