दीड इंचाची सोय

"माणसाची निम्मी दुखणी ही मापं चुकल्याची दुखणी असतात!" शिंपीमास्तरांनी कापायच्या टेबलावर उभं राहून जाहीर केलं. माळ्यावरचा कापडाचा गठ्ठा काढायला ते वर चढले होते आणि गेली दहा मिनिटं तिथेच होते, कारण त्यांचा उजवा गुडघा उतरायला तयार नव्हता.

"निम्म्यांचं नंतर बघू," बायको म्हणाली. "आधी स्वतःचं एक खाली आणा." तिने मशीनपुढचा स्टूल टेबलालगत सरकवला. मास्तरांनी पाय लांबवला. पोचेना.

"पूर्वी पोचायचा गं. टेबल वाढलं की काय?"

डॉक्टरांनी गुडघा वाकवून, वाजवून पाहिला आणि सांगितलं, "रोज अर्धा तास सायकल. सीट मात्र पायाच्या मापाची हवी, नाहीतर आहे तोही गुडघा जाईल. महिन्याने फरक दिसला नाही, तर पायाचं मशीन बंद."

मास्तरांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षं ते त्या मशीनवर बसत आले होते. मोटार लावलेलं मशीन म्हणजे त्यांच्या मते दुसऱ्याने चावून दिलेला घास.

समोरच्या सायकलवाल्याने जुनी सायकल उभी केली. हा गडी बारा महिने पँट खालून दुमडून असायचा. साखळीत अडकू नये म्हणून असेल, असं सगळे समजत.

"बसा मास्तर. खालच्या पायडलला टाच टेकली आणि पाय सरळ झाला, की सीट बरोबर."

"अंदाजाने? अंदाजाने शिवलेली पँट तू घालशील?"

सायकलवाल्याने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

मास्तरांनी जन्मभर गावाची मापं घेतली होती. त्यांचं माप घ्यायला कुणी नव्हतं. शेवटी ते भिंतीला टाचा लावून उभे राहिले, मांड्यांमध्ये ऑर्डरींची जाड वही धरली आणि बायकोच्या हाती टेप दिली.

"पोट कशाला आत ओढताय? पायाचं माप आहे."

"तू आकडा सांग."

"तीस."

"साडेएकतीस लिही."

"अहो, तीस भरलेत!"

"एक इंच धुतल्यावर आटायला, अर्धा अंग वाढलं तर. माझी कायमची रीत आहे."

"पाय धुतल्यावर आटतो?"

"रीत म्हणजे रीत."

"आणि वाढणार कोण? साठीच्या पुढे?"

"वाढ काय सांगून येते?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच आकडा लिहून टाकला.

चिठ्ठी सायकलवाल्याकडे गेली. त्याने आकडा दोनदा वाचला, खांदे उडवले आणि सीट वर ओढून पाना आवळला. मास्तर दुकानाच्या पायरीवरून सीटवर चढले, सायकल निघाली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की पायाची बोटं पायडलला कशीबशी शिवताहेत आणि जमिनीचा तर पत्ताच नाही. ब्रेक दाबावा, तर टेकवायला काही नाही. पडायचं नसेल, तर चालवत राहायला हवं.

मास्तर चौकाला फेऱ्या घालू लागले. भीती होतीच, पण तिच्या मानाने कुतूहल भारी. आपल्या दुकानाच्या पायरीएवढी उंच दुसरी पायरी या चौकात आहे का? बँकेची तीन इंच कमी. दवाखान्याची चालली असती, पण तिच्यावर पेशंट बसलेले. इतकी वर्षं इथे काढून एकाही पायरीचं माप आपल्याला ठाऊक नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

तिसऱ्या फेरीला पोस्टमन सायकल काढून शेजारी आला. "बरे सापडलात! माझी पँट?"

"मंगळवारी!"

चौथ्या फेरीलाही तो होताच. "कुठल्या मंगळवारी?"

"थांबलो तर शिवीन ना!"

सहाव्या फेरीला मास्तरांनी बेकरीच्या खांबाला मिठी मारली. सायकल एकटीच थोडी पुढे गेली. सायकलवाल्याने त्यांना खांबावरून सोडवून दुकानात आणलं आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं. पाणी द्यायला वाकला आणि तसाच राहिला.

"मास्तर, तुमचा गुडघा मशीनच्या टेबलाला घासतोय. एवढ्या खाली बसून पायडल मारता?"

"स्टूल पहिल्यापासून हाच आहे."

"वहिनी, भिंतीवर ही रेघ कसली?"

बायकोने रेघेकडे पाहिलं, मग स्टुलाकडे. जुनी रेघ स्टुलाच्याच कडेने घासून पडली होती. आताची कड तिच्या चार बोटं खाली होती.

"डुगडुगला की एक पाय कापायचात," ती म्हणाली. "मग उरलेले लांब वाटायचे, म्हणून ते कापायचात. मग परत डुगडुगायचा."

मास्तर पाणी पीत राहिले. ग्लास कधीच रिकामा झाला होता.

स्टुलाखाली विटा गेल्या. महिन्याने गुडघा निमूटपणे वाकू लागला. "पाहिलंत?" डॉक्टर म्हणाले. "याला म्हणतात सायकलचा गुण!" आपण सायकलवर एकदाच बसलो आणि तेही उतरता आलं नाही म्हणून, हे सांगायचा मास्तरांना धीर झाला नाही.

मशीन वाचल्याच्या आनंदात ते उंच स्टुलावर बसून सायकलवाल्याला म्हणाले, "लक्षात ठेव, जग मापावर चाललंय!"

"चाललंय खरं," सायकलवाला पँटीची सुटलेली घडी पुन्हा दुमडत म्हणाला. "मास्तर, राग मानू नका. आटायचा एक आणि वाढायचा अर्धा, हे मी वीस वर्षं असं दुमडतोय. ना कापड आटलं, ना मी वाढलो. स्टुलाचे पाय एवढे कापलेत, तर याचेही जरा कापून द्याल का?"