शर्यतीचं पिस्तूल: नवं चिनी की जुनं नाटकाचं

शर्यत पायांनी सुरू होते, असा एक गैरसमज समाजात पसरलेला आहे. शर्यत आवाजाने सुरू होते, आणि आवाज हा खरेदी समितीच्या अखत्यारीतला विषय आहे.

२००२ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या, मार्कंडा देवस्थानाच्या वाटेवरच्या एका शाळेला वरून पत्र आलं, की यापुढे धावण्याची निवड चाचणी शिट्टीने नव्हे, पिस्तुलाने सुरू करावी. (पिस्तूल कुठून आणावं याबद्दल पत्र आदरपूर्वक गप्प होतं.) लगेच समिती बसली. बसण्यात ही समिती तालुक्यात पहिली होती. धावण्यात, दहावीतली निशात.

निशातचं सगळं सरळ होतं. शंभर मीटरमध्ये पहिली आली, तर चंद्रपूरला जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं. नाही आली, तर अब्बांनी सांगूनच ठेवलं होतं, "मंग बूट पेटीत, पुस्तक हातात." पुढच्या वर्षी ती वयोगटात बसणार नव्हती. म्हणून ती रोज सकाळी रस्त्याने अशी सुटायची, की म्हशी बाजूला व्हायच्या आणि एस.टी. मागे पडायची. (एस.टी. उभी असायची. पण मागे पडली ती पडलीच.)

समितीपुढे दोन पिस्तुलं आली.

पहिलं नवं, चिनी, टिकल्यांचं. डब्यावर सात भाषांत सूचना होत्या. त्यातली एकही भाषा समितीला येत नसल्याने एकाही सूचनेवर वाद झाला नाही. दहा वेळा चाप ओढला: चारदा आवाज, तीनदा नुसता धूर, दोनदा स्प्रिंग बाहेर, एकदा संपूर्ण मौन. सरासरी समाधानकारक.

दुसरं जुनं, झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीचं. अनुभव एकवीस हंगाम, खून दोनशे चौदा, सगळे तिसऱ्या अंकात. सोबत मंडळीतले खलनायक वारलूभाऊ फुकट, कारण दुसऱ्याच्या हातात ते फुटत नसे.

तज्ज्ञ म्हणून निशातच्याच अब्बांना, नूर मोहम्मद यांना बोलावलं. ते स्टोव्ह दुरुस्त करत. त्यांनी दोन्ही पिस्तुलं कानाशी हलवली. "नव्यात स्प्रिंग आहे, जीव नाई. जुन्यात जीव आहे, स्प्रिंग नाई." हा अभिप्राय इतका तोलाचा होता, की समितीने दोन्ही चाचणीला ठेवली.

चाचणीच्या सकाळी आठ मुली रेषेवर वाकल्या. क्रीडाशिक्षक अश्वजित सरांनी चिनी पिस्तूल वर केलं. मौन. पुन्हा मौन. मग धूर.

"माह्यं आणा आता," वारलूभाऊ म्हणाले. सरांनी सेकंदाचं घड्याळ हातात घेतलं. पण वारलूभाऊ चाप ओढेनात, बोलायलाच लागले. "जमीनदारा, ज्या मातीत माह्या बापानं घाम गाळला..."

"भाऊ, नुसतं उडवा न," निशात वाकल्या वाकल्या म्हणाली. "पायाले मुंग्या येऊन राह्यल्या."

"संवादाबिगर ते फुटत नाई, पोरी. सवय आहे त्याले."

दोन मिनिटं दहा सेकंदांनी ते फुटलं. ठो.

आता झाडीपट्टीत गोळी सुटली की आधी कोण मेलं ते पाहायचं, अशी रीत आहे. सात मुलींनी ती पाळली आणि माना वळवल्या. कोणीतरी मरणं भागच होतं. अश्वजित सर चार हंगाम नाटकात नायकाचा भाऊ होत आलेले. त्यांनी छाती धरली आणि घड्याळासकट आडवे झाले. पलीकडे फीत धरलेल्या दोघी फीत टाकून टाळ्या वाजवू लागल्या. मुख्याध्यापकांनी बक्षीस म्हणून मृताच्या खिशाला दहाची नोट टाचली.

निशात एकटी पळाली. टाळ्या आपल्यालाच आहेत असं वाटून आणखी जोरात पळाली, रेषा ओलांडली, दोन्ही हात वर केले आणि वळून पाहिलं, तर सगळ्यांच्या पाठी.

अहवाल तीन पानी झाला. आवाज: उत्कृष्ट. धूर: भरपूर. मरण: हृदयस्पर्शी. (धावण्याचा रकाना नव्हता.) खरेदी पक्की झाल्यावर, पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा घ्यावी, असं ठरलं.

"अब्बा, मी पहिली आली न?" घरी जाताना निशातने विचारलं.

अब्बांनी बराच वेळ आठवून पाहिलं. "आली असशीन, बेटा. मी स्प्रिंग पाहून राह्यलो होतो."

बूट पेटीत गेले.

ही हकिकत ऐकल्यावर प्रत्येक जाणकार माणूस एकच प्रश्न विचारतो, आणि तो तुमच्याही ओठांवर आलेला आहे: मग शेवटी घेतलं कोणतं, नवं की जुनं?

या. समितीत एक जागा रिकामी आहे.