ओटीतले गहू आणि मोतीलालशेठ

आळेफाट्याचे मोतीलालशेठ साडी हातात आली की आधी उलगडून झटकतात. दुकान साड्यांचं नाही, परदेशी पार्सलं पाठवायचं आहे. पण लेकीला साडी धाडणाऱ्या आयांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. घडीत कुठं ना कुठं चार गहू बांधलेले असणारच, अशी त्यांची खात्री. वाईट म्हणजे ते असतातही.

घराणं राजस्थानातलं, जैन; पण आजोबांपासून इथंच, त्यामुळं बोलणं आमच्याहून गावरान. "कागदावर न्हाई ते खोक्यात न्हाई," हे त्यांचं लाडकं वाक्य. कस्टमच्या कागदासाठी 'मसाला' एवढं सांगून भागत नाही. कसला, कशाचा, दळलेला का अख्खा, सगळं ओकावं लागतं. स्वतः कांदा-लसूण न खाणारा हा माणूस डिंभ्याच्या एका काकूंची सुकी मासळी दुबईला पाठवताना नाकाला रुमाल बांधून एकेका माशाचं नाव विचारत होता.

एकानं लेकासाठी पितळी गणपती आणला. किंमत काय लिहू, म्हटल्यावर तो भडकला, "देवाची किंमत करता व्हय?"

"देवाची न्हाई राव, पितळेची. रकाना मोकळा सोडला तर देव मुंबईतच बसंल."

आमची जुंपली ती सरूच्या पार्सलावरून. सरू आमची लेक, ऑस्ट्रेलियात असते. तिला सातवा लागला. तिला येता येईना, आम्हाला जाता येईना, म्हणून माझ्या बायकोनं, सुमननं, हिरवी साडी घेतली. शेठनी झटकली. पदरातून गहू सांडले. त्यांनी वेचून परत दिले. मग खण उलगडला, तर त्यात हळकुंड आणि सुपारी.

"वहिनी, गहू म्हंजे बी. तिकडं बी चालत न्हाई. सापडलं तर साडीसकट जाळत्यात."

"मग लेकीला रिकामी ओटी धाडू?"

"साडी धाडा."

सुमन साडी काखेत मारून तरातरा बाहेर पडली. मला शेठचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं, म्हणून जरा जास्तच आला.

आठवडाभर धुसफुसून शेवटी सुमनच म्हणाली, चला. लेकीला निदान साडी तरी मिळावी. या वेळी शेठनी साडी झटकली, काही पडलं नाही. त्यांनी पुन्हा झटकली.

"न्हाई ओ काय त्यात," सुमन म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

शेठनी साडीची घडी घातली, दुकानदार घालतो तशी नाही, घरातली बाई घालते तशी, हळू. कागद भरला. पेन खाली ठेवलं आणि काउंटरकडं बघतच बोलले.

"वहिनी, माझी पोरगी येतीय कॅनडातनं, पुढल्या म्हैन्यात. तिलाबी दिवस गेल्यात. आई जाऊन लई वर्सं झाली तिची. आमच्यात गोद भरत्यात, तुमच्यात ओटी. मला बाप्याला ते येत न्हाई. तुमी भराल का?"

इतक्या वर्षांत या माणसानं कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला माझ्या रागाची लाज वाटली.

सुमननं पदरानं डोळे पुसले.

"भरते की. अन् चार दिवस माहेरपणाला ठिवून घेते माझ्याकडं. तुमी मधी बोलायचं न्हाई."

खोक्याला एकदा चिकटपट्टी लावून झाली होती, शेठ तिच्यावरच दुसरी लावत राहिले.