पाच मिनिटांचं आकाश

"पाच मिनिटं? अहो, तुमच्या नमनालाच पंधरा लागतात!" झांजा पुसता पुसता विभाताई नवऱ्याला म्हणाल्या.

विलासबुवांना ते मान्य होतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून हिंदी मुलखातल्या वैशाली नगराच्या मराठी मंडळात ते दर एकादशीला कीर्तन करत, आणि वेळेवर थांबणं त्यांना कधीच जमलं नव्हतं. मुलीचा, वल्लरीचा, पदवीदान समारंभ असाच एका लांबलेल्या कीर्तनात हुकला होता. ती चकार शब्द बोलली नव्हती, तेच त्यांना अजून टोचत होतं.

आता वल्लरीची दुर्बीण छोट्या रॉकेटवर बसून ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातून वर जाणार होती. फुटलेल्या ताऱ्याचे क्ष-किरण हवा खाली पोचूच देत नाही. म्हणून हवेच्या वर जायचं, पाच मिनिटं डोळे भरून बघायचं आणि पॅराशूटनं खाली यायचं. सहा वर्षांची सेवा, पाच मिनिटांचं दर्शन! जिथे आजवर धुरकट पुंजका दिसे, तिथे एकेक धागा सुटा दिसणार होता.

"बाबा, मतलब, ती पाच मिनिटं तरी बघाल ना?" तिनं फोनवर विचारलं होतं. बुवांनी वचन दिलं.

नेमकी तीच एकादशी. मग बुवांनी हॉलमध्येच पडदा लावून घेतला. सव्वासहाला पूर्वरंग संपवायचा, बुक्का-हार उरकायचा, साडेसहाला सगळ्यांनी पडद्याकडे बघायचं. तबला वाजवणारे, फौजेतले निवृत्त सुभेदार संग्राम लॅपटॉपही सांभाळणार होते.

सव्वासहाला संग्राम कानाशी लागले. "बुवा, तिकडं वारा सुटलाय. अर्धा तास थांबा म्हणतात."

बुवांनी पूर्वरंग ताणला. हवा म्हणजेच माया, तिच्यापल्याड गेल्याशिवाय खरा प्रकाश दिसत नाही, असं सांगता सांगता ते स्वतःच रंगून गेले. खिडकीत आभाळ जांभळं होत गेलं. माना डोलू लागल्या. पेटीचा सूर हॉलभर तरंगत राहिला.

पावणेसातला पुन्हा, "बुवा, अजून वारा."

बुवा आणखी वर गेले.

साडेसातला पहिल्या रांगेतून भागुबाई ओरडल्या, "बुवा, आता खाली या! साबुदाण्याचा दगड झाला!"

बुवांनी नाइलाजानं गजर केला आणि पूर्वरंग संपवला. विभाताईंनी बुवांना बुक्का लावला, हार घातला. बुवांनी सगळ्यांना बुक्का लावला. मग सगळ्यांनी एकमेकांना. मग प्रत्येकजण प्रत्येकाच्या पाया. संग्रामसुद्धा लॅपटॉप सोडून शिस्तीत रांगेत उभे राहिले. शेवटच्या टकलावर बोट टेकवून बुवांनी वर पाहिलं, तर पडद्यावरच्या चित्रात रॉकेट पॅराशूटला लटकून खाली येत होतं.

"गेलं कधी?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही माझ्या पाया पडत होतात तेव्हा," संग्राम ओशाळून म्हणाले.

फोन वाजला. वल्लरीच होती. "बाबा, बघितलंत?"

बुक्क्यानं माखलेल्या बोटांनी बुवांना खोटं बोलवेना. "नाही गं. आम्ही बुक्का लावत बसलो."

पलीकडून खुसखुस ऐकू आली. "मीपण नाही बघितलं. इतकी भीती वाटली की डोळे मिटून तुमचा गजर म्हणत होते. संपल्यावर लोकांनी हलवलं."

"अगं, मग दुर्बीण?"

"तिला डोळे मिटता येत नाहीत ना, बाबा. तिनं सगळं बघितलं. कच्चं चित्र आलंय, अजून उघडलं नाहीये. पाठवते. दोघं मिळून बघू."

संग्रामनी लॅपटॉपवर चित्र उघडलं आणि पडद्यावर काळोख उजळला. कुणीतरी मोकळे सोडलेले रेशमाचे धागे असावेत तसा तो तारा. एकेक धागा सुटा, एकेक धागा लख्ख. पेटी थांबली. भागुबाईंचा घास हातातच राहिला.

"बाबा? आहात ना?" फोनमधून वल्लरी विचारत होती.

विभाताईंनी तिला हळूच "श्शू" केलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात बुवा पहिल्यांदाच सलग पाच मिनिटं गप्प होते.