दोन जावांच्या इंग्रजी संभाषणाची हकीकत

श्री. वाणी देणाऱ्या देवतेस एक नमस्कार आणि वाणी आवरणाऱ्या देवतेस दोन. अंतर्जालनाम संवत्सरे, राज्याभिषेक शक एकतीस, ज्येष्ठ शुद्ध पंचमीपासून जे वर्तमान जाहले, ते पाहणारांनी सांगितले आणि न पाहणारांनी वाढवले. त्यातून वाढवलेले थोडे काढून येथे लिहिले आहे, सर्वच काढले तर वाचील कोण?

कोणे एके राज्यी, ज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही, स्वामींचे मनी आले जे पूर्वसमुद्रातील बेटाशी स्नेह करावा. आता बेटाची बोली आम्हांस येईना, आणि आमची बोली बेटास येईना, आणि इंग्रजी मात्र दोघांस सारखीच वाईट येत असे, मग ठरले जे स्नेह इंग्रजीतच करावा. आज्ञा सुटली जे मानाच्या सर्व घराण्यांनी इंग्रजी शिकावी आणि माघ शुद्ध दशमीस बेटाच्या मंडळींशी पडद्यावर समोरासमोर बोलावे. सर्व घराणी कबूल जाहली, आणि घोडे अडले ते ओढ्याकाठी.

ओढ्याकाठी दोन गढ्या, वरली आणि खालची, मध्ये पाणी वीस हात. वरल्या गढीत थोरली जाऊ भागीरथीबाईसाहेब, खालच्या गढीत धाकटी जाऊ मथुराबाईसाहेब, आणि दोघींत अठरा वर्षांचा अबोला. कारण विचाराल तर संक्रांतीचे हळदीकुंकवात कुंकू लावणारणीचे बोट चुकले आणि आधी धाकटीचे कपाळी लागले. थोरल्या बाईसाहेब पाटावरून उठल्या आणि भर बायकांत बोलिल्या, "आजपासून हिच्याशी आपल्या बोलीतला एक शब्द जरी बोलले, तर माझ्या हातचा नैवेद्य देवीनं घेऊ नये!" धाकट्या बाईसाहेबांनी तीच शपथ त्याच देवीस वाहिली, मग देवीसही पेच पडला. दोघींचे यजमान सख्खे बंधू, हुजुरातीस चाकरीवर. रजेस आले म्हणजे ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून सुखदुःख बोलत आणि आपापल्या गढीत जाऊन मुकाट जेवत. आणि रीत ऐसी जे धनीण बोलल्यावाचून गढीतील माणसाने तोंड उघडू नये. म्हणजे भांडण दोघींचे आणि दातखीळ चाळिसांची.

दरबारी दिवाण त्रिंबकपंत हासून म्हणाले, "या दोघी आपल्या बोलीत बोलत नाहीत, इंग्रजीत काय कपाळ बोलणार? शाळाच नको." तेव्हा वेणूबाई पोतनीस म्हणून पंतोजीण होती, ती उठली. वेणूबाईने अकरा वर्षे कोठीवर धान्याची पोती मोजली होती आणि मोजता मोजता आपले आपण इंग्रजी शिकली होती, आणि दोन वर्षांमागे स्वामींनी तीस पंतोजीपद दिले तेव्हा घरी जाऊन आनंदाने रडली होती. तिने भर दरबारी विडा उचलला जे, "माघ दशमीस दोन्ही बाईसाहेब बेटाच्या मंडळींसमोर एकमेकींशी इंग्रजीत बोलतील, आणि मी मध्ये अक्षर बोलणार नाही. न बोलल्या तर मी पद सोडून पुन्हा कोठीवर जाईन." त्रिंबकपंत म्हणाले, "पोती तुमची वाट पाहताहेत हो!" आणि वेणूबाई वरून हासली. बाहेर येऊन स्वतःसच म्हणाली, "काय ही जीभ माझी! विचारून तरी चालावं."

आता दोघींस एका छपराखाली बसवणे म्हणजे विंचू आणि चप्पल एका डबीत ठेवणे. म्हणून वेणूबाईने पडद्यावरची शाळा मांडिली. दोन्ही गढ्यांत लॅपटॉप पोहोचते केले, तारा ओढिल्या आणि वीस हातांच्या ओढ्यापलीकडचा शब्द आधी आकाशी चढवून मग पलीकडे उतरवावा ऐसा बंदोबस्त केला. पहिले दिवशी चौकटीखाली आपापले नाव लिहा म्हणून सांगितले, तो दोन्हीकडून इतकी बिरुदे आली जे मुखे झाकोन गेली आणि वेणूबाईस नुसत्या अक्षरांशी बोलावे लागले. मग नावे आखूड केली. आणि महिनाभर शाळा इतकी सुरळीत चालली जे वेणूबाईसच संशय आला. संशय खरा ठरला. पडद्यावर ज्याच्या त्यास आपलीच चौकट प्रथम दिसते. थोरल्या बाईसाहेब समजत पहिला मान आपला, धाकट्या समजत आपला, म्हणून दोघी प्रसन्न. तो खालच्या गढीच्या कारकुनाने हौसेने आपल्या पडद्याचे चित्र काढून वर्गाच्या व्हॉट्सॲपवर धाडले, आणि त्यात धाकटी पहिली आणि थोरली सातवी! वरल्या गढीने लॅपटॉप मिटला. वेणूबाई पायात चपला न घालता धावत गेली आणि म्हणाली, "बाईसाहेब, देवाशपथ सांगते, हे यंत्र ज्याला त्याला पहिला मान देतं." थोरल्या बाईसाहेब बोलिल्या, "म्हणजे तोंडपुजं आहे. दरबारात शोभेल." पण मनी हलके वाटले असावे, कारण सांजेस लॅपटॉप उघडला.

पुढे संकट बोलण्याचे. वेणूबाईने म्हणावे, "गुड मॉर्निंग म्हणा," आणि दोन्हीकडे माइक बंद. थोरल्या म्हणत आधी ती बोलली तर मी, धाकट्या म्हणत आधी त्या. एक प्रहर ऐसा गेला, त्यात फक्त खालच्या गढीचे कुत्रे भुंकले आणि वेणूबाईने त्यास शाबासकी दिली. मग तिने युक्ती केली जे वर्गात कोणी बोलू नये, ज्याने त्याने आपला धडा एकटे बसून मोबाइलात बोलावा आणि ती ध्वनिफीत फक्त पंतोजीणीस धाडावी. आणि काय सांगावे, फिती आल्या त्या ऐकून वेणूबाई थक्क जाहली! थोरल्या बाईसाहेबांस रागे भरण्याची इंग्रजी उपजत येत होती. धाकट्या बाईसाहेब प्रश्न फार गोड विचारीत. वेणूबाई दुपारची भाकरी खाता खाता त्या फिती ऐके, आणि तीस वाटे, अगं बायांनो, किती छान बोलता गं दोघी, आणि ऐकणारी मी एकटीच! मग एके दिवशी तिने नुसती आपल्या समाधानासाठी दोघींचा तिसरा धडा एकास एक जोडला. "हाऊ आर यू?" धाकटी विचारी आणि "आय ॲम वेल, थँक यू," थोरली उत्तर देई. ऐसा दोघींचा संवाद ऐकून वेणूबाईचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनी बोट चुकले, आणि ती फीत साऱ्या वर्गाच्या व्हॉट्सॲपवर गेली.

हाहाकार जाहला. वेणूबाईने पुसावयास घेतली तो चाळीस निळ्या खुणा उमटल्या होत्या. दोन्ही गढ्यांत एकच आक्रोश जे शपथ मोडली, देवी कोपणार. दोघींनी वेगवेगळ्या वाटांनी विरूपाक्षशास्त्र्यांकडे जासूद धाडले. शास्त्रीबोवांनी पोथ्या सोडल्या, तपकीर ओढली आणि विचारले, "शपथेचे शब्द काय होते?" जासूद म्हणाले, "आपल्या बोलीतला एक शब्द." शास्त्रीबोवा म्हणाले, "मग झालं! इंग्रजी काय आपली बोली आहे? शपथ शाबूत आहे, देवी शांत आहे, आणि जाताना ओट्यावर नारळ ठेवून जा." हा निर्णय दोन्ही गढ्यांत पोहोचला आणि दोन्ही गढ्या गप्प जाहल्या. वेणूबाईने शास्त्र्यांचे नावे दिवा लावला. पण त्यापुढे दीड महिना दोघींपैकी कोणी वर्गात अक्षर बोलेना, आणि माघ येऊन ठेपला. वेणूबाईने कोठीच्या जुन्या किल्ल्या शोधून पुसून ठेविल्या.

माघ शुद्ध दशमीस दोन प्रहरी सर्व मंडळी पडद्यावर आली. एके चौकटीत त्रिंबकपंत विडा चघळीत बसले. बेटाची पंतोजीण आणि तिचे बारा विद्यार्थी टोप्या घालून बसले. त्यांची रीत ऐसी जे यजमान बोलल्यावाचून पाहुण्याने बोलू नये. मग ते आम्हांकडे पाहत आणि आम्ही त्यांकडे पाहत, आणि वेणूबाईने बोलावयाचे नाही ऐसी पैजेची अट. घटका गेली. त्रिंबकपंतांनी विडा संपवला आणि दुसरा लावावयास घेतला. वेणूबाईने डोळे मिटले आणि मनी म्हणाली, "मोज बाई पोती आता."

तो खाडकन माइक उघडल्याचा आवाज आला आणि थोरल्या बाईसाहेबांचा सूर निघाला, "मथुरा! व्हाय आर यू सिटिंग इन डार्क? ओपन विंडो!" म्हणजे अंधारात काय बसलीस, खिडकी उघड. अठरा वर्षांनी पहिला शब्द, आणि तोही टोमणा! धाकट्या बाईसाहेबांनी माइक उघडला आणि म्हणाल्या, "माय विंडो. आय ओपन, आय क्लोज. यू सी युवर विंडो." थोरल्या बाईसाहेब कडाडल्या, "यू? म..." आणि चटकन जीभ चावून "टू मी, यू?" ऐसे सावरले. "येस, यू," धाकट्या म्हणाल्या, "इन इंग्लिश ऑल आर यू!" आणि मग जे सुटले ते काय वर्णावे! कुंकवाचे बोट निघाले, पाट निघाला, बारशास न धाडलेले बाळंतविडे निघाले, तुझे मूल तापाने फणफणले तेव्हा मी ओढ्यापलीकडून रात्रभर दिवा पाहत होते हेही निघाले, आणि सगळे इंग्रजीत, मोडके पण अव्वल. धनिणी बोलल्या तशी दोन्हीकडील माणसेही सुटली आणि नो मॅडम, येस मॅडम, युवर डॉग बाइट माय लेग ऐसा रणघोष जाहला. बेटाच्या मंडळींस वाटले हा वादविवादाचा धडा, त्यांनी टाळ्या पिटल्या आणि तेही आपसात भांडू लागले. त्रिंबकपंत तोंडात विडा तसाच धरून बसले. शेवटी बेटाची पंतोजीण म्हणाली जे इतकी जिवंत शाळा आपण पाहिली नाही, आणि स्वामींस तसा खलिता लिहिते म्हणाली. वेणूबाईने किल्ल्या घेतल्या आणि खुंटीला टांगल्या.

मंडळी एकेक करून गेली. दोघी मात्र उरल्या, आणि वेणूबाई आपली चौकट काळी करून चोरासारखी बसली, उठवेना. मग धाकट्या बाईसाहेबांनी हळूच तिसऱ्या धड्यातला पुढला प्रश्न विचारला, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या, "आय एट..." आणि थांबल्या. पुस्तकात भात होता, पाव होता, मासा होता, पण त्यांनी खाल्ले ते नव्हते. पुन्हा "आय एट" म्हणाल्या, हाताने वळून दाखवले, आणि शेवटी बोलून गेल्या, "हुलग्याची शेंगोळी."

शब्द आपल्या बोलीतला होता. मग धाकट्या बाईसाहेबांचा आवाज आला तो इंग्रजीत नव्हता. "एकट्याच खाल्लीत, अक्का?"

"एकटीच खाते. पंगतीला कोण आहे इथं?" थोरल्या म्हणाल्या. "तुला लसणीची फोडणी जास्त लागते, तशीच करते अजून. सवय."

"शपथ मोडली की हो."

"मोडली तर मोडली. देवीचं मी बघते. तू ये. पातेल्यात आहे अजून, गार होईल."

मग खालच्या गढीच्या चौकटीत रिकामी खुर्ची राहिली. वेणूबाई पदर तोंडाशी धरून बसली. थोड्या वेळाने वरल्या गढीच्या चौकटीत कोणी धापा टाकीत आले, लुगड्याचा काठ ओढ्याच्या पाण्याने भिजलेला, आणि थोरल्या बाईसाहेबांनी "पाय पूस आधी" म्हणत लॅपटॉप मिटला.

एवंच काय, मोहीम फत्ते जाहली. वेणूबाईचे पद कायम राहिले आणि त्रिंबकपंतांनी साखर धाडली. दुसरे दिवशी वर्ग भरला तो दोन्ही धनिणी गैरहजर. तिसरे दिवशीही गैरहजर. वेणूबाईने जासूद धाडून पुसले, तो निरोप आला जे आम्हांस आता इंग्रजीस वेळ नाही, अठरा वर्षांचे बोलणे राहिले आहे. वेणूबाईने हजेरीपटावरून दोघींची नावे आपल्या हाताने काढली, आणि आनंदाने काढली.