एकेचाळिसावी मूठ

तोताराम नाना ओट्यावर बसून बोटांवर माणसं मोजत होते, नेमकी तेव्हाच हेमांगी नावाची मुलगी हातात टॅबलेट घेऊन दारात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या कुटुंबात एकूण किती माणसं?"

"एकेचाळीस," नाना म्हणाले.

यात नानांची तशी काही चूक नव्हती. श्रावणात घरी बसणाऱ्या देवीचा, कानबाईचा, सण तीन आठवड्यांवर आला होता. त्यांच्या घराण्यात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, माणशी सव्वा मूठ गहू मोजून घेत. बाई असो, बाप्या असो, पाळण्यातलं लेकरू असो, सगळ्यांच्या नावाची मूठ पडायची. त्या गव्हाचे रोट घरातल्यांनीच खायचे, बाहेरच्याच्या तोंडी घास जाऊ द्यायचा नाही. गहू मोजण्याचा मान थोरल्याचा, म्हणजे नानांचा. तेव्हा कुटुंब म्हणजे किती, हे गेली बावीस वर्षं नाना त्या गव्हाच्या टोपलीला विचारत आले होते. रेशनकार्डावर चारच नावं होती. नाना, त्यांची बायको शेवंताबाई, मुलगा भूपेंद्र आणि सून भाविका. बाकीचे पाचोरा, सुरत, धुळे असे जिथं तिथं राहत होते. पण रेशनकार्ड नानांनी कधी मनावर घेतलं नव्हतं.

हेमांगी जळगावच्या एका संस्थेतर्फे कुटुंबांच्या स्वास्थ्याची पाहणी करायला अमळनेर तालुक्यात फिरत होती. तिचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. आकडा विचित्र वाटला तर व्याख्या वाचून पुन्हा विचारायचं, असं तिला शिकवलं होतं. तिनं व्याख्या वाचली. "एका चुलीवर शिजवलेलं खाणारे, बरं का आजोबा."

"एकच चूल," नाना म्हणाले. "दुसरी चालसच नही."

मग तिनं एकेचाळीस नावं लिहून घेतली. नाना सांगत गेले, ती टाइप करत गेली. शेवटचं नाव ज्योती, ते नानांनी दोनदा सांगितलं. खोल्या किती, तर तीन. संडास किती, तर एक. गेल्या वर्षभरात कुटुंबात भांडण झालं का, या प्रश्नावर मात्र नानांनी मोजती बोटं मिटून घेतली.

भांडण झालं होतं. मागच्या कानबाईला गहू मोजताना नानांच्या हातून एक मूठ राहून गेली होती, आणि ती नेमकी धुळ्यातल्या देवपूरच्या धाकट्या भावाच्या, छगनच्या, नव्या सुनेची. ज्योतीची पहिलीच कानबाई. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण छगननं सगळ्यांसमोर मुठी मोजायला लावल्या, एक कमी भरली आणि तो म्हणाला, आम्ही मोजण्यात नाही तर नाही. यंदा तो धुळ्यात वेगळी कानबाई बसवणार होता, तीही नानांच्या कानबाईनंतरच्या रविवारी. नऊ माणसं जाणार होती. वर्ष झालं, दोघा भावांत शब्द नव्हता, आणि ही गोष्ट नाना रोज कुणाला दिसू न देता चघळत होते.

"भांडण नही," नाना म्हणाले. आपण किती सुखी आहात, दहापैकी गुण द्या, यावर त्यांनी दहा दिले.

टॅबलेट लाल झाला. उन्हानं झाला असेल, असं हेमांगीला वाटलं.

आठ दिवसांनी गावातली आशाताई वीस मच्छरदाण्या घेऊन आली. तिला वरून निरोप होता, की या घरात तीन खोल्यांत एकेचाळीस जण राहतात, ताबडतोब लक्ष द्या. आशाताई या घरात दर महिन्याला चहा प्यायची. सदतीस माणसं कुठं लपवलीत, असं तिनं शेवंताबाईला सरळ विचारलं. शेवंताबाईनं नानांकडे बोट दाखवलं आणि मच्छरदाण्या मोजून आत ठेवल्या.

भूपेंद्र शहाणा मुलगा होता. तो अमळनेरला जाऊन दुरुस्तीचा फॉर्म घेऊन आला. फॉर्म सोपा होता. कुटुंबातून वगळायच्या माणसाचं नाव, त्यापुढे कारण, खाली कुटुंबप्रमुखाची सही. कारणं तीनच होती. मृत्यू, विवाह आणि विभक्त.

नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग तो भूपेंद्रच्या हातात परत दिला. "सदतीस लोकेस्ना पुढे मी कोनती खूण करू?"

"विभक्त करा ना. कागदच आहे तो," भूपेंद्र म्हणाला.

"छगनना पुढे बी?"

भूपेंद्रनं फॉर्मची घडी घातली. नाना एवढंच म्हणाले, की मूठ विसरायला एकदा हात चुकला, पण सही करायला चुकणार नाही. फॉर्म कानबाईच्या फोटोमागं जाऊन बसला.

त्यानंतर समुपदेशक बाई आल्या. दाटीवाटीनं राहणाऱ्या घरांत बायकांच्या मनावर ताण येतो, असं नव्या संशोधनात सिद्ध झालं होतं आणि तो ताण मोजायला त्या भाविकासमोर बसल्या. तुम्ही रोज एकेचाळीस माणसांचा स्वयंपाक करता का, असं त्यांनी विचारलं. भाविका खरं सांगणारच होती. पण लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तू थकतेस का, असं तिला या ओट्यावर आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी लगेच आठ दिवसांची सक्त विश्रांती लिहून दिली आणि कागद नानांपुढे ठेवला. सही नाकारायची तर घरात चारच माणसं आहेत असं सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर फोटोमागचा फॉर्म काढावा लागणार. नानांनी सही केली. भाविका संध्याकाळच्या गाडीनं पाचोऱ्याला माहेरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून भूपेंद्र भाकरी थापायला शिकला. त्या भाकरी खाताना घरात प्रथमच ताण आहे, असं शेवंताबाई म्हणाली.

सगळ्यात वाईट म्हणजे पेपरात बातमी आली. नाव नव्हतं, गाव मात्र होतं. तीन खोल्या, एकेचाळीस जण, भांडण शून्य, समाधान दहापैकी दहा. देवपूरला छगनच्या हातात पेपर पडायला कितीसा वेळ लागणार. त्यानं नानांना नाही, भूपेंद्रला फोन केला. मला न विचारता मला सुखी कुणी केलं, हा त्याचा पहिला प्रश्न होता. आमची नऊ नावं काढा, नाहीतर मी स्वतः येऊन काढतो, हे त्याचं शेवटचं वाक्य होतं. भूपेंद्रनं ते नानांना जसंच्या तसं सांगितलं. नानांनी ऐकलं आणि ते न जेवता उठले. भाकरीमुळे उठले, असं भूपेंद्रला वाटलं, पण ते खरं नव्हतं.

संस्थेचे प्रेमराज सर स्वतः मोजणीला येणार, असा निरोप मिळाला. दिवस त्यांनी सोयीचा म्हणून रविवार निवडला. तो कानबाईचा रविवार होता.

शुक्रवारी नाना टोपली घेऊन बसले. बत्तीस मुठी झाल्या तेव्हा शेवंताबाईनं टोपलीकडे हात नेला. नाना थांबले नाहीत. तेहतीस, चौतीस, पस्तीस. एकेचाळिसावी मूठ त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि मगच टाकली.

"खानार कोन?" शेवंताबाई म्हणाली. "उरना ते बाहेरनाले देता येस नही."

"देखू," नाना म्हणाले.

रविवारी घर फुलून गेलं. सुरतेचे आले, पाचोऱ्याचे आले, त्यांच्याबरोबर भाविकाही आठ दिवसांत चांगली भरून आली. चौरंगावर नथ घातलेली कानबाई बसली होती. प्रेमराज सर आणि हेमांगी सकाळपासून मोजत होते. पहिल्यांदा पस्तीस भरले, कारण पोरं मागच्या दारानं पुन्हा आत येत होती. दुसऱ्यांदा एकोणतीस भरले, कारण तेवढ्यात तिघं पान आणायला गेले. प्रेमराज सरांनी प्रत्येकाच्या हाताला नंबराच्या गोल चिठ्ठ्या चिकटवल्या, तर पोरांनी त्यांची अदलाबदल केली. शेवटी नैवेद्य झाला आणि पंगत बसली, तेव्हा कुठं माणसं जागेवर राहिली. बत्तीस.

"नऊ कमी आहेत," प्रेमराज सर म्हणाले. "आकडा चुकीचा निघाला तर मला या घरावर शेरा मारावा लागेल."

"येतस," नाना म्हणाले. ते कुणाच्या भरवशावर म्हणाले, हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात जीप थांबली. आधी छगन उतरला, मग त्याची बायको, मुलं, सुना, नातवंडं आणि सगळ्यात शेवटी ज्योती. नऊच्या नऊ. मोजणीचा दिवस भूपेंद्रनं फोनवर कळवला होता. वगळायची माणसं समक्ष हजर लागतात, ही भर मात्र त्यानं स्वतःच्या डोक्यानं घातली होती. छगन पंगतीकडे न बघता सरळ प्रेमराज सरांपुढे जाऊन उभा राहिला.

"मी जेवाले नही वनू. नावे काढाले वनू."

प्रेमराज सरांना फक्त संख्या ऐकू येत होती. "बत्तीस आणि नऊ, एकेचाळीस. बरोबर भरलं," असं म्हणत त्यांनी आकडा टॅबलेटवर दाबला. टॅबलेटनं तो घेतला नाही. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग हेमांगीला आठवलं, की या घराची माहिती आल्यानंतर वरच्यांनी नियम बदलला होता. आता एका कुटुंबात चाळीसच माणसं मावत होती.

"काही हरकत नाही," प्रेमराज सर म्हणाले. "एकच कमी करू. यादीतलं शेवटचं नाव काढतो. ज्योती."

ज्योती दारातच उभी होती. तिनं पदर सारखा केला आणि खाली पाहिलं. नऊ नावं कापायला चाळीस किलोमीटर आलेला छगन एका नावाला पुढे सरकला.

"तिले हात लावानं काम नही."

"मग दुसरं सांगा. तुम्ही तर नऊ काढणार होता."

छगननं पंगतीवरून नजर फिरवली. सुरतेचा पुतण्या, पाचोऱ्याची धाकटी भावजय, नाक पुसणारी पोरं. कुणावरही ती थांबली नाही. त्याला एकही नाव सुचेना, आणि मनापासून धडपडूनही त्याला राग येईना.

नाना उठले. कानबाईच्या फोटोमागून त्यांनी फॉर्म काढला, त्यावरची धूळ झटकली आणि प्रेमराज सरांचं पेन मागून घेतलं. नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, तोताराम. कारणाच्या जागी इतके दिवस कुणापुढेही न केलेली खूण त्यांनी विभक्तसमोर केली आणि खाली सही ठोकली.

"मले काढा," ते म्हणाले. "ज्योती ऱ्हाई."

टॅबलेट हिरवा झाला. चाळीस. पण आता त्याला नवा कुटुंबप्रमुख हवा होता आणि उरलेल्यांत वयानं मोठा कोण, हे त्यानं आपणहून शोधून काढलं. हेमांगीनं तो छगनपुढे धरला. पडद्यावर छगनचं नाव झळकत होतं. वेगळा व्हायला आलेला माणूस पुऱ्या घराचा प्रमुख होऊन बसला होता.

"नवीन प्रमुखांना एक प्रश्न पुन्हा विचारावा लागतो," हेमांगी म्हणाली. "गेल्या वर्षभरात कुटुंबात भांडण?"

छगननं भावाकडे पाहिलं. नाना पेनाचं टोपण बसवत होते आणि ते नीट बसत नव्हतं.

"नही," छगन म्हणाला, आणि त्यानं सही केली.

मग देवपूरच्या नऊ जणांना पंगतीत जागा झाली. मोजणारे दोघे चहा घेऊन ओट्यावर बसले, कारण रोट त्यांना चालत नव्हते. शेवंताबाई वाढत वाढत नानांच्या पानापाशी आली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

"रोट घरनास्नाच शे," ती म्हणाली. "यास्नं नाव ते निंघी गयं. वाढू का नही, ते कुटुंबप्रमुखले इचारा."

सगळी पंगत छगनकडे बघू लागली. छगननं तोंडातला घास सावकाश संपवला. नव्या जबाबदारीचा त्याच्यावर परिणाम दिसत होता.

"वाढ, वहिनी," तो म्हणाला. "पन पुढला साल गहू मी मोजसू. हाऊ मूठ इसरस."

नानांनी मान डोलावली. त्यांच्या तोंडात रोट होता, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.